बेळगावात नोकरी आणि घर कुठे? कामाची बाजू बघून गाव ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: सध्या खानापुरात भाड्याने राहणारे जोडपे आहे. एकाची नोकरी उद्यमबागेत, पाळीची. दुसऱ्याची, म्हणजे पत्नीची, नेहरूनगरात रुग्णालयात, तीही पाळीची. मुलगी मराठी माध्यमात चौथीला. येण्याजाण्याने दोघेही थकले आहेत, टिळकवाडीतले भाडे झेपत नाही. तेव्हा मच्छे, येळ्ळूर, कंग्राळी, हिंडलगा की थेट राज्याच्या हद्दीपलीकडे, महाराष्ट्रात शिनोळी? आणि वर्ष-दीड वर्षात तिथेच प्लॉट घ्यावा का?

आधी उत्तर. तुम्हा दोघांसाठी गणेशपूर, हिंडलगा आणि सह्याद्रीनगर हा पश्चिमेचा पट्टा सर्वांत सोयीचा आहे. तिथे आधी भाड्याने राहा. प्लॉटचा बयाणा एक पूर्ण पावसाळा पाहिल्याशिवाय देऊ नका. कारणे खाली सविस्तर देतो, कारण तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या पण वेगळ्या ठिकाणी कामाला जाणाऱ्यांचे उत्तर वेगळे येईल.

बेळगावात गाव किती किलोमीटरवर आहे याला फारसा अर्थ नाही. दहा किलोमीटरवरून उद्यमबागेत वीस मिनिटांत पोहोचणारे लोक आहेत आणि पाच किलोमीटरवरून चाळीस मिनिटे घालवणारेही आहेत. फरक पडतो तो मधला भाग ओलांडावा लागतो का यावर. मधला भाग म्हणजे रेल्वे रूळ, गोगटे सर्कल, काँग्रेस रोड, बाजारपेठ, चन्नम्मा सर्कल. शहर दक्षिणोत्तर पसरलेले, मधून मिरज-लोंढा लोहमार्ग गेलेला, आणि पश्चिमेला कॅम्पची लष्करी हद्द. तिसऱ्या रेल्वे गेटवर उड्डाणपूल झाल्याने उद्यमबागेकडची कोंडी बरीच सुटली. पण टिळकवाडीत पहिल्या आणि दुसऱ्या गेटवर फाटक पडले की तुमचे सगळे गणित रेल्वेच्या हातात जाते. म्हणून नियम साधा ठेवा: ज्या बाजूला काम, त्याच बाजूला घर. दोघांची कामे दोन टोकांना असतील, तर मध्यात न शिरता दोन्हीकडे नेणारा रस्ता जिथे मिळतो ते गाव.

तुमचे नेमके तसेच आहे. उद्यमबाग दक्षिण-पश्चिमेला, नेहरूनगर उत्तरेला. गणेशपूर-हिंडलगा बाजूने एकाला कॅम्पमधून खानापूर रोडला लागता येते आणि दुसऱ्याला बॉक्साईट रोडने किंवा हनुमाननगरातून, बाजारात न जाता, वर नेहरूनगरकडे जाता येते. दोघांनाही सहा ते आठ किलोमीटर. मच्छे-पिरनवाडीत राहिलात तर उद्यमबाग हाकेच्या अंतरावर, पण पत्नीला रोज अख्खे शहर ओलांडावे लागेल. कंग्राळीत राहिलात तर उलटे.

आता पैशांचे गणित, कारण "शहराजवळ भाडे जास्त" एवढ्यावरच बरेच जण थांबतात. खानापूर ते बेळगाव साधारण २६ किलोमीटर. उद्यमबाग अलीकडे असल्याने तिथवर २२ धरा, नेहरूनगर पलीकडे असल्याने ३० धरा. महिन्याला २४ दिवस कामाचे. दोघेही दुचाकीने गेलात तर एकाचे १,०५६ किलोमीटर, दुसरीचे १,४४० किलोमीटर. लिटरला ५० चा ॲव्हरेज आणि १०३ रुपये दर धरला, तर दोघांचे मिळून पेट्रोल पाच हजार दीडशेच्या आसपास. गणेशपुरातून दोघांचे मिळून बाराशे ते सोळाशे. वर वर्षाकाठी वीस-बावीस हजार किलोमीटर जास्त पळण्याचा खर्च: ऑईल, चेन-स्प्रॉकेट, मागचा टायर, ब्रेक शू. तो महिन्याला आठशे ते हजार धरायला हरकत नाही. म्हणजे खानापूरपेक्षा साडेचार हजार रुपयांपर्यंत भाडे जास्त द्यावे लागले तरी तुम्ही तोट्यात नाही. शिवाय माणशी रोजचा तासभर वाचतो. महिन्याचे २४ तास झाले, म्हणजे तीन पाळ्या.

मात्र एक गोष्ट हे गणित उलटवते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली महिलांना साध्या बसने मोफत प्रवास आहे. पत्नी बसनेच जाणार असेल तर खानापूरचा तिचा खर्च शून्य होतो आणि पैशांत खानापूर पुन्हा वरचढ ठरते. तेव्हा वेळेचा हिशेब करा: खानापूरहून मध्यवर्ती बसस्थानक, तिथून सीबीटी म्हणजे सिटी बसचे स्थानक, तिथून नेहरूनगरची सिटी बस किंवा रिक्षा. दोन बदल, आणि सकाळच्या गाड्या आधीच भरून येतात. रात्रपाळी असेल तर बसचा विचारच सोडा. मोफत प्रवासासाठी ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो, हे शिनोळीचा विचार करताना लक्षात ठेवा.

रेल्वेबद्दल बरेच जण विचारतात. खानापूर, इदलहोंड, देसूर आणि पलीकडे सांबरा, सुळेभावी ही स्थानके आहेत, मासिक पासही स्वस्त पडतो. पण इथे मुंबईसारखी लोकल नाही. वेळापत्रक हातात घ्या आणि फक्त दोन आकडे काढा: सकाळी तुमच्या वेळेआधी पोहोचणाऱ्या आणि तुमच्या स्थानकावर थांबणाऱ्या गाड्या किती, आणि काम सुटल्यावर दीड तासाच्या आत परतणाऱ्या किती. दोन्हीकडे निदान दोन-दोन गाड्या नसतील तर पास काढून उपयोग नाही, कारण एक गाडी उशिरा आली की दिवस गेला. मासिक पासावर एक्स्प्रेसच्या आरक्षित डब्यात बसता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मोटारीने खानापूरहून येणाऱ्यांना गणेबैलचा टोल लागतो. दुचाकीला टोल नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास आला, तो घेऊन बरेच जण निर्धास्त होतात. त्यात २०० फेऱ्या मिळतात आणि जाणे एक, येणे एक अशा दोन धरल्या जातात. महिन्याला ४८ फेऱ्या करणाऱ्याचा पास चार महिन्यांत संपतो, म्हणजे वर्षाला तीन पास. त्यापेक्षा टोलनाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा स्थानिक मासिक पास, महिन्याला साधारण साडेतीनशे रुपयांचा, रोजच्या माणसाला स्वस्त पडतो. पत्त्याचा पुरावा आणि आरसी बुक घेऊन टोलनाक्यावरच विचारा.

आता एकेक बाजू.

खानापूर रोडची बाजू, म्हणजे मजगाव, मच्छे, पिरनवाडी, झाडशहापूर, देसूर. उद्यमबाग, मच्छेची औद्योगिक वसाहत किंवा व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) इथे कामाला असणाऱ्यांनी दुसरीकडे पाहूच नये. बसही भरपूर, कारण खानापूर, नंदिहळ्ळी, जांबोटी या सगळ्या गाड्या इथूनच जातात. अडचण पिरनवाडीच्या फाट्यावर. जांबोटी-चोर्ल्याची वाहतूक आणि खानापूर-गोव्याची वाहतूक इथे एकत्र येते, आणि सुटीच्या दिवसांत गोव्याला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. घर फाट्याच्या अलीकडे, शहराच्या बाजूला मिळाले तर रोजची दहा मिनिटे वाचतात. किणये, जांबोटीकडे जसजसे जाल तसा पाऊस वाढतो, झाडे पडतात, हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाईन तुटते. जून-जुलैत रात्र रात्र वीज नसणे तिथे नवलाचे नाही. घरून काम करणाऱ्याने इन्व्हर्टरचा खर्च धरूनच भाडे ठरवावे.

दक्षिणेची बाजू: वडगाव, येळ्ळूर, धामणे, आणि शहापूर-अनगोळचे शिवार. इथे मला थोडे थांबून सांगायचे आहे, कारण सर्वांत जास्त माणसे इथेच फसतात. ही काळी, भाताची जमीन आहे. उन्हाळ्यात प्लॉट बघायला गेलात तर सपाट, मोकळा, स्वस्त दिसतो. जुलैत बळ्ळारी नाला फुगला की हेच शिवार पाण्याखाली जाते. शेतकऱ्यांची भाते दरवर्षी कुजतात ती याच पाण्याने. जिथे भात उभे राहते तिथे पाणीही उभे राहणारच. शिवाय काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा सुरू होतात. भाड्याचे घर बघतानाही त्या भेगा बघा. फक्त गिलाव्याच्या असतील तर बारीक आणि वेड्यावाकड्या असतात, पायाच्या असतील तर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या विटांच्या सांध्यातून जातात. जोते रस्त्यापेक्षा निदान अडीच-तीन फूट उंच हवे, कारण रस्त्यावर दर वेळी नवा थर पडून तो वर येतो आणि जुनी घरे खाली जातात. येळ्ळूर गाव स्वतः उंचावर आहे, गावठाणात घर मिळाले तर पुराची भीती नाही. पण मग पावसाळ्यात गावातून शहरात येणारा रस्ता नाल्याच्या पाण्याने किती दिवस बंद असतो ते विचारा. आणि याच पट्ट्यातून हलगा-मच्छे बायपास जातो, ज्याविरुद्ध शेतकरी वर्षानुवर्षे न्यायालयात लढत आहेत. प्लॉटचा सर्व्हे नंबर संपादनाच्या अधिसूचनेत आहे का, हे तपासल्याशिवाय इथे एक रुपयाही देऊ नका. रिंगरोडच्या नियोजित मार्गावरच्या गावांनाही हेच लागू.

पूर्वेला हलगा, बस्तवाड, मुतगे, सांबरा. विमानतळ, हवाई दलाचे केंद्र किंवा महामार्गावरचे काम असणाऱ्यांना सोयीचे. पाऊस पश्चिमेपेक्षा कमी. हलग्याला सुवर्ण विधानसौध असल्याने हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चे आणि नाकाबंदी असते. तेवढे दिवस अर्धा तास आधी निघायची तयारी ठेवायची.

उत्तरेला कंग्राळी खुर्द, कंग्राळी बुद्रुक, काकती, होनगा. होनग्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये काम असेल तर हीच बाजू. मार्कंडेय नदीकाठच्या सखल प्लॉटांपासून दूर राहा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आले होते, हे तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो बोट दाखवून सांगेल. महामार्ग दुचाकीने ओलांडावा लागत असेल तर भुयारी मार्ग कुठे आहे ते बघा. मधल्या दुभाजकाच्या फटीतून ओलांडणे हा रोजचा रस्ता होऊ शकत नाही.

पश्चिमेची बाजू तुमची. गणेशपूर, हिंडलगा, सुळगा, पुढे उचगाव. तांबडी, निचऱ्याची जमीन, पाया लवकर लागतो. दोष इथेही आहेत. सुळग्याच्या पुढे गेलात तर वेंगुर्ला रोडवर रेती, जांभा आणि उसाच्या गाड्यांची वर्दळ असते. तुरमुरीला शहराचा कचरा प्रकल्प आहे, त्यामुळे त्या बाजूला घर बघताना संध्याकाळी वारा पडल्यावर जाऊन बघा. कॅम्पच्या रस्त्यांवर लष्करी भरतीच्या दिवसांत गर्दी होते. गणेश विसर्जनाची आणि शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक बेळगावात रात्रभर चालते. त्या रात्री पत्नीची पाळी असेल तर बाजारातून जायचा प्रश्नच नाही, बॉक्साईट रोड हाच मार्ग. पश्चिमेकडच्या भिंतीवर पावसाचा मारा थेट बसतो. घर ऑगस्टमध्ये बघा, हात लावून बघा. रंगाचे फुगे आणि पांढरी खारी दिसली तर मालकाला गिलावा आणि वॉटरप्रूफिंग करून मागा, नुसता रंग नको.

शिनोळीबद्दल. बाची ओलांडली की महाराष्ट्र, चंदगड तालुका, बेळगावपासून साधारण पंधरा किलोमीटर. शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत काम असेल तर उत्तमच. तुमच्यासारख्यांनी मात्र मुलीच्या शाळेचा विचार आधी करावा. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड विषय सक्तीचा आहे. मुलगी तिकडे महाराष्ट्र बोर्डात गेली आणि पुन्हा आठवीला इकडे आणायची म्हटली, तर तीन वर्षांचे कन्नड एकदम भरून काढावे लागेल. पुढे इंजिनिअरिंग किंवा मेडिकलसाठी कर्नाटकच्या सीईटीतून राज्याच्या कोट्यात बसायचे तर साधारणपणे पहिली ते बारावीत किमान सात वर्षे कर्नाटकात शिकलेले असावे लागते. उलट महाराष्ट्र शासन सीमाभागातल्या ८६५ गावांतील विद्यार्थ्यांना प्रवेशात सवलत देते, ती इकडे राहूनच मिळते. आणि सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या एसट्या थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये तसे झाले. तेव्हा शिनोळीत राहायचे तर स्वतःचे वाहन धरूनच राहायचे.

शाळेचे आणखी एक. गावातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळा सहसा सातवीपर्यंत असतात. आठवीला मराठी माध्यमाचे हायस्कूल कुठे आहे आणि तिथे मुलगी एकटी बसने जाऊ शकेल का, हे आजच बघा. चार वर्षे हां हां म्हणता जातात.

पाणी. शहरात काही प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, बाकी ठिकाणी पाळीने, राकसकोप आणि हिडकलचे. पंचायतीच्या हद्दीत वेगळे. "नळ आहे का" असे विचारू नका, "एप्रिलमध्ये कितव्या दिवशी येते" असे विचारा, तेही मालकाला नाही तर शेजारणीला. हिशेब असा: शहरी मापाने माणशी १३५ लिटर, म्हणजे तुम्हा तिघांना रोज ४०५ लिटर. जलजीवन योजनेचे ग्रामीण माप ५५ लिटर, म्हणजे १६५. चौथ्या दिवशी पाणी येत असेल तर तुम्हाला १,६२० लिटर साठवावे लागतील. पाहुणे आणि पाण्याची एखादी चुकलेली पाळी धरून पाच बाय पाच बाय पाच फुटांचा संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, असली की साडेतीन हजार लिटर बसतात आणि निश्चिंती होते. संप नसलेले आणि फक्त ५०० लिटरची टाकी असलेले घर स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

प्लॉटच्या कागदांकडे आता. बेळगावच्या आसपास गुंठ्यावर, बाँड पेपरवर जागा विकणारे पुष्कळ. एक गुंठा १,०८९ चौरस फूट, तीस बाय चाळीसचा प्लॉट १,२०० चौरस फूट. २०२० च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, म्हणून दलाल सांगतात "आता काही अडचण नाही". जमीन घेता येते. तिच्यावर घर बांधता येत नाही, जोवर ती जिल्हाधिकाऱ्यांकडून एनए (बिनशेती) होत नाही आणि ले-आउटला बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मान्यता मिळत नाही. पंचायत हद्दीतला प्लॉट असेल तर ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाईन मालमत्ता नोंदीचा, नमुना ९ आणि ११अ मागा. ११ब दाखवला तर समजा की ले-आउट मंजूर नाही. बँका त्यावर कर्ज द्यायला सहसा तयार होत नाहीत आणि उद्या विकताना तुम्हालाही तसेच गिऱ्हाईक शोधावे लागेल. ईसी, म्हणजे जागेवरचे व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला, तीस वर्षांचा काढा. २००४ नंतरचा नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावर निघतो, आधीचा उपनिबंधक कार्यालयातून. आरटीसी (इकडचा सातबारा) उताऱ्यावर जेवढी नावे, तेवढ्या सह्या खरेदीखतावर हव्यात. लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्या राहिल्या म्हणून अडकलेले व्यवहार इथे गल्लोगल्ली आहेत. कागद सगळे कन्नडमध्ये असतात. "हे फक्त नमुन्याचे आहे" असे म्हणून पुढे केलेला कागदही कन्नड जाणणाऱ्या, आणि विकणाऱ्याच्या ओळखीतल्या नसलेल्या वकिलाकडून ओळीओळीने वाचून घ्या.

शेवटी चाचणी. निवडलेल्या घरापासून दोघांनीही आपापल्या पाळीच्या वेळी, कामाच्या दिवशी, दारापासून पंचिंग मशीनपर्यंत वेळ मोजा. रविवारी मोजलेली वेळ धरू नका. सोमवारी सकाळी एकदा, शनिवारी संध्याकाळी एकदा आणि जुलैच्या धो धो पावसात एकदा. तिन्हींत सर्वांत वाईट आलेली वेळ हीच तुमची खरी वेळ. बस लागणार असेल तर थांब्यावर तासभर उभे राहा आणि किती गाड्या आल्या यापेक्षा किती गाड्यांत चढता आले ते मोजा. गावात वस्तीची गाडी येते का ते विचारा. रात्री मुक्कामाला राहणारी बस पहाटे निघते आणि सकाळी सातच्या पाळीला तीच उपयोगी पडते.

भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, तो मे महिन्यात सुरू करा. म्हणजे मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला पाचवीच्या प्रवेशासाठी जूनआधी हातात येईल, आणि करार संपायच्या आत पावसाळा आणि पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीची पाण्याची स्थिती दोन्ही बघून होईल.